एकाचे दोन

सोमवारी सकाळी ठीक अकरा वाजता, वेधशाळेच्या सभागृहात, संशोधिकेची अंतिम मौखिक परीक्षा सुरू झाली. दुर्बिणीत आणि रेडिओ वेधांत दिसणारे दोन ठिपके एकाच क्वेसारचे, म्हणजे एका अतिदूरच्या तेजस्वी खगोलाचे आहेत, मधल्या जड दीर्घिकेमुळे प्रकाश वाकून त्याचे दोन दिसतात, असा तिचा दावा होता.

"मी निवडलेल्या दोन स्वतंत्र परीक्षकांना हे पटलेलं नाही, बाईसाहेब," अध्यक्ष मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले.

तिने परीक्षकांची पत्रे शेजारी-शेजारी मांडली. "सर, दोघांनीही 'गुरुत्वाकर्षण'च्या जागी चुकून 'गुरुत्वाघर्षण' असंच लिहिलंय. दुसरं पत्र तेवढं अकरा दिवस उशिरा आलं. माझे ठिपकेही असेच लुकलुकतात, तंतोतंत सारखे, पण मागेपुढे. मधे कुणी वजनदार असलं, की एकाचे दोन दिसतात."

अध्यक्षांनी घोटभर पाणी घेतले.



"प्रबंध मंजूर."