चार भिंतींचा पेपर

"आमच्या सुनंला कॅल्क्युलस म्हंजी हातचा मळ हाय!" हरणाबाईनं मलकापूरच्या माळावर मेंढरांच्या तळावरून सगळ्यांना ठणकावलं. तेवढ्यात मोबाईलमधले परीक्षक त्या सुनेला, मायाला, म्हणाले, "आधी खोलीच्या चार भिंती दाखवा, नाहीतर पेपर रद्द." उघड्या माळावर भिंती कुठल्या? पदवी तर याच ऑनलाइन पेपरावर अडलेली! "थांब गं बाय," म्हणत हरणाबाईनं मेंढरं कोंडायची जाळी सुनंभोवती चारी बाजूंनी ताणली. परीक्षकांनी कपाळाला हात लावला, पण चालवून घेतलं. दिवस कलला. जाळी उभी बघून मेंढरं रोजच्यासारखी शहाण्यागत आत शिरली. माया ढिम्म. मांडीवर कोकरू, खांद्यावर मेंढ्याचं तोंड, आणि ती ठरावीक कुंपणात जास्तीत जास्त जागा काढायचं गणित सोडवतेय! "बगा सायेब, हलली का पोरगी?" हरणाबाई ओरडली. माया प्रथम श्रेणीत पास झाली. प्रमाणपत्रावर मात्र पेपर चालू असताना कॅमेऱ्यानं आपोआप टिपलेला फोटो मेंढ्याचा आला.