बावीस वर्षांपूर्वीचा कंदील

"बाई, पाचच मिनिटं मिळतील हं," दुर्बीणवाला म्हणाला.

जयवंतीने डोळा लावला. अकरा प्रकाशवर्षांवरच्या आरशासारख्या ग्रहावरून परतलेला पृथ्वीचा प्रकाश आत दिसत होता. म्हणजे बावीस वर्षांपूर्वीचा तिच्या गावचा किनारा. बरोबर याच अवसेच्या रात्री बाबांची होडी खडकावर फुटली होती. खडकावर कंदील लावायचं काम छोट्या जयवंतीचं. त्या रात्री तो लावला होता की लावायला विसरले, हे तिला कधीच आठवलं नव्हतं.

काळ्या किनाऱ्याच्या टोकाला एक पिवळा ठिपका जळत होता.

तिने लगेच फोन लावला. "आये, कंदील पेटलेला होता गं!"

"होताच की! तुझ्या हातांना रॉकेलचा वास येत होता. एवढ्यासाठी दुर्बीण कशाला, मला विचारायचंस!"

जयवंतीने नकळत तळहात हुंगला आणि तिला हसू फुटलं.