मागची बाजू

“उलटी घाल,” मथुराबाई म्हणाली.

पूनमनं आपली गोधडी सतरंजीवर उलटी घातली. मथुराबाईचा तळहात मागच्या बाजूवरून फिरला. “गाठी सैल. चार धुण्यांत उसवंल.”

“अक्का, वाण हाय, हुंडा न्हाय,” पूनम म्हणाली. ईरम्माच्या गच्चीवर बायका खदखदल्या.

कमरबी हसली नाही. पूनमनंतर ईरम्मा. ईरम्मानंतर ती.

सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेआधीचा रविवार. दरसाल या दिवशी गोधडीच्या गटातली प्रत्येक बाई आपल्या हातची एक गोधडी आणायची. आधी सगळ्यांनी बघायची, मग चिठ्ठ्या काढून एकमेकींना संक्रांतीचं वाण म्हणून द्यायची. नियम एकच, मथुराबाईचा. हात स्वतःचा पाहिजे. गेल्या साली पूनमच्या जावेची मशीनवरची निघाली. मथुराबाईनं तिची घडी करून तिच्याच मांडीवर ठेवली.

“उद्यापासून येऊ नगं.”

ती पुन्हा दिसली नाही.

कमरबीला दुसरीकडं जायला जागा नव्हती. एक मुलगी टेंभुर्णीत, एक मंगळवेढ्यात. आठवड्यातल्या तीन दुपारी ही गच्ची, बाकी भिंती. इथं ती ठिगळं जुळवायची, रंग सांगायची, आणि शिवण घरी न्यायची. घरी न्यायची, कारण साखरेच्या आजारानं तिच्या बोटांची टोकं मेली होती. सुई टोचली हे रक्त दिसल्यावर कळायचं.

पावसाळ्यापासून तिची गोधडी बडेसाब शिवत होता. तिचा नवरा. दार लावून.

छत्तीस वर्षं त्यानं एमआयडीसीत चादरीचे माग चालवले होते. सुई महिन्याभरात हातात बसली. टाका तर बायकांपेक्षा सरळ. फक्त एक सवय सुटेना. दोरा संपला की बायका मागं गाठ मारतात, ती मोहरीएवढी हाताला लागते. बडेसाब नवा दोरा जुन्याला जोडायचा, मागावर तुटलेला धागा जोडतात तसा. त्या चपट्या, बारीक गाठीवरून हात फिरवा, काही लागत नाही.

“बायकांसारखी मारा की गाठ.”

“मारतो,” म्हणायचा. बोटं ऐकायची नाहीत.

सकाळी तोच जास्त घाबरलेला. तीनदा घडी घातली, तीनदा मोडली. “कायकू डरती गे?” हेही तिलाच विचारलं. वर म्हणाला, “कुणाचीही चिठ्ठी निघू दे, मथुराबाईची नको. कडक बाई, गोधडीपण कडकच असंल.”

“आज पत्ते नाहीत का?”

“मंगळवारी आणि शुक्रवारी असतात,” तो म्हणाला. जुन्या दोस्तांत खेळायला जाताना तो जवळचा चष्मा न विसरता न्यायचा. पत्त्यांना कसला आलाय जवळचा चष्मा, असं ती चिडवायची.

ईरम्माची बघून झाली. “भाभी, घाला,” मथुराबाई म्हणाली.

कमरबीनं गोधडी उलटी घातली.

मथुराबाईचा तळहात कडेनं निघाला. एक फेर. दुसरा फेर. थांबला. मागं गेला. पुन्हा तिथंच आला.

खाली रस्त्यावर रिक्षा सारखी हॉर्न वाजवत होती. कुणीतरी तिला गप्प करावं असं कमरबीला वाटलं.

“काय झालं अक्का?” ईरम्मा पुढं वाकली. “गाठ न्हाय का?”

मथुराबाईनं वर पाहिलं. कमरबीकडं नाही, ईरम्माकडं.

“हाय की. लागली हाताला.”

आणि तिनं स्वतःच घाईनं घडी घातली.

लागली नव्हती. लागणं शक्यच नव्हतं.

ईरम्मानं चहा आणला. मथुराबाईनं हात पदराखाली घेतले. “नगं. उपास हाय.”

“रविवारी कसला उपास अक्का? गेल्या रविवारी बी न्हाय घेतला.”

“माझा मी धरलाय. तुला काय करायचंय?”

तिची स्वतःची गोधडी उशीच्या अभ्र्यात बांधलेली, दरसालसारखी. ती उलटी घाल म्हणणारं गच्चीवर कुणी नव्हतं.

मग चिठ्ठ्या. कमरबीच्या बोटांना कागद धरवेना, पूनमनं उलगडून दिला.

“मथुराक्का! भाभी, नशीब काढलंत.”

“थांब,” मथुराबाई म्हणाली. “माझी औंदा जड झालीया. भाभीला पेलायची न्हाय. ईरम्मा, तू घे ही, तुझी त्यांना दे.”

“चिठ्ठी ती चिठ्ठी, अक्का,” पूनम म्हणाली. “तुमचाच नियम हाय.”

मथुराबाईनं अभ्रा पुढं सरकवला. तिचा गेलेला नवरा बडेसाबच्या शेजारच्याच मागावर होता, वीस वर्षं. तरी बडेसाबभाऊ बरे आहेत का, एवढंही तिनं कधी विचारलं नव्हतं. आजही नाही. कमरबीला तिचा हात धरून काहीतरी बोलायचं होतं. बाई जिना उतरूनही गेली.

घरी बडेसाब उंबऱ्यातच उभा.

“पकडलं?”

“कळलं तिला. हात थांबला तिचा.” कमरबी पलंगावर बसली, उठली, पुन्हा बसली. “तरी सगळ्यांसमोर खोटं बोलली. माझ्यासाठी. आपण तिला काय काय म्हणत होतो.”

बडेसाबनं चष्मा काढून पुसायला घेतला.

“आणि वाण तिचंच मिळालं.”

“राहू दे बांधलेलं,” तो पटकन म्हणाला. “थंडी वाढली की काढू.”

“बघू तर दे. एवढ्या मोठ्या मनाच्या बाईचा हात कसा असतो.”

“उलटून कशाला बघतीस गे? वाण आहे ते.”

तिनं अभ्र्याची गाठ दातांनी सोडली. गोधडी पलंगावर उलटी पसरली. बोटांना काही कळणार नव्हतं, म्हणून ती वाकली आणि मागच्या बाजूवर गाल टेकवला. गाल कडेनं सरकत गेला, एक फेर, दुसरा फेर, पार मध्यापर्यंत.

एकही गाठ लागली नाही.