पाडव्यापर्यंत

“दिवाळीच्या पाडव्यापर्यंत मशीन चालू ठेवा, डॉक्टर,” आयसीयूच्या काचेशी उभा राहून रणजित म्हणाला.

“तुमचे वडील आता शुद्धीवर येणार नाहीत. कालच सांगितलं होतं.”

“कळलंय मला. पण मधेच काही झालं तर सुतक लागेल. कंपनीची दीड कोटीची नवी गाडी सुतकात बाजारात कशी आणू? संचालक म्हणतात, पाडवा हुकला तर जानेवारीत आणू. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्याची गाडी घेऊन मोकळं!”

लांब बाकावर बसलेल्या आईच्या कानावर पहिलंच वाक्य पडलं. भेटायला येईल त्याला ती सांगू लागली, “डॉक्टरांनी हात टेकले, पण माझा लेक बापाला सोडत नाही.”

पाडव्याला कंपनीच्या समारंभात नवी गाडी आईनंच ओवाळली. पडदा सरला, टाळ्या पडल्या. व्यासपीठावरून उतरतानाच रणजितनं डॉक्टरांना मेसेज केला, ‘आता मशीन काढा.’

वळून बघतो तर आई ताट घेऊन नव्या गाडीत बसलेली. निरांजन तेवत होतं.

“हॉस्पिटलला चल. ह्यांना पाडव्याचं ओवाळायचंय, काचेबाहेरून का होईना. तुझ्यामुळंच यंदा ओवाळायला मिळतंय रे मला.”

त्यानं गाडी काढली. पहिल्याच सिग्नलला डॉक्टरांचा फोन आला. रणजितनं तो न उचलता मांडीवर पालथा ठेवला.

आईनं ज्योतीला तळहाताचा आडोसा केला.

“एसी बंद कर, बाळा. विझेल.”