हरलं की उशीर

"परत हरले," म्हणत सुजीतने गाडीची किल्ली खुंटीला अडकवली. त्याच्या मागून विहान आत आला आणि कोणाकडे न बघता सरळ बाथरूममध्ये गेला. नळ बराच वेळ वाहत राहिला.

घड्याळात नऊ वाजून गेले होते. फुटबॉलची मॅच संपते सहाला. विहानचं कॉलेज दुबईत सिलिकॉन ओएसिसला आणि घर शारजात अल मजाजला. शारजाच्या रस्त्यावर गाड्या कितीही तुंबल्या तरी सव्वा तासाच्या वर लागायचं कारण नव्हतं.

"एवढा उशीर?" अनुपमाने विचारलं.

"कोचने थांबवून घेतलं. सगळ्या टीमला, दार लावून. मी आपला बाहेर गाडीत." सुजीत सोफ्यावर टेकला. "नवा माणूस आहे, कडक आहे."

विहान टी-शर्ट बदलत होता तेव्हा खोलीचं दार नीट लागलं नव्हतं. अनुपमाला त्याची पाठ दिसली. दुबईतच अल मनखूलच्या एका दवाखान्यात ती बारा वर्षं रिसेप्शनवर होती. खरचटणं कशाला म्हणतात आणि वळ कशाला म्हणतात, एवढं तिला कळत होतं.

"विहान, हे काय?"

"आय फेल डाऊन, आई. लीव्ह इट."

"पडल्यावर असं होतं?"

त्याने तिच्या खांद्यावरून हॉलकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं.

सप्टेंबरात उल्हास माने मुख्य कोच म्हणून आले तेव्हा सगळ्यात जास्त आनंद अनुपमालाच झाला होता. माणूस कोल्हापूरचा, म्हणजे फुटबॉल पायातच असणार. शिवाय मराठी. आपला माणूस आपल्या पोराकडे जरा जास्त लक्ष देईल, असं ती सगळ्यांना सांगत फिरली होती. आता ते आठवलं की तिला स्वतःचीच जीभ चावावीशी वाटे.

कारण हिशोब सरळ होता. जिंकले की बापलेक साडेसातला घरी, हातात शवर्मा, आणि विहानची बडबड. हरले की उशीर, आणि रविवारी पोरगं पालथं झोपलेलं. चार पराभव झाले होते. चारही वेळा तिने हळद गरम केली आणि चारही वेळा त्याने ताकास तूर लागू दिली नाही.

शनिवारी तिची ड्युटी असे, त्यामुळे एकही मॅच तिने पाहिली नव्हती. ऑफसाइड म्हणजे काय हे जिला ठाऊक नव्हतं, ती बाई पेशंटना नंबर देता देता मोबाइलवर स्कोअर बघू लागली. समोरच्या टीमच्या गोलकीपरचं वाईट व्हावं म्हणून तिने गणपतीला साकडं घातलं. भीती माणसाला काय काय करायला लावते.

सुजीत होता म्हणून निभावत होतं. तो स्वतः कधीकाळी डोंबिवलीत खेळलेला. जिल्ह्याच्या संघात मात्र त्याची निवड झाली नव्हती. विहानची जर्सी तो स्वतः इस्त्री करी, दर शनिवारी न्यायला-आणायला जाई. असा बाप नशिबाने मिळतो, असं शेजारच्या मैमुनाबी म्हणत. विहानने एकदा टीमच्या बसने येतो म्हटलं, तर सुजीत हसला. "बाप असताना बस कशाला? यल्ला, चल." विहान गेला, पण मागच्या सीटवर बसला. हल्ली तो मागेच बसे. पाय पसरता येतात म्हणे.

"मी भेटते त्या मान्यांना," अनुपमा एकदा म्हणाली.

"आणि काय सांगणार? तू तोंड उघडलंस की तो याला टीममधून काढणार. टीम गेली की स्कॉलरशिप खलास." सुजीतने तिच्या हातावर हात ठेवला. "मी आहे ना तिथे."

फेब्रुवारीत मान्यांचा फोन आला. थेट तिला.

"वहिनी, विहानला हॉस्टेलला ठेवता का? मी खोलीची सोय करतो. त्याच्यासाठी बरं पडेल."

"का?"

"तुम्ही विचार करा. मिस्टरांशी नंतर बोला, आधी तुम्ही करा."

तिने सुजीतला सगळं सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "बघितलंस? आता पोरगं घरातूनच काढून न्यायला निघालाय."

सीझनची शेवटची मॅच मार्चमध्ये होती. साडेपाचला तिने मोबाइल पाहिला. शून्य-दोन. तिने पर्स उचलली, तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं आणि टॅक्सी पकडली. सुजीतला कळवलं नाही; तो नको म्हणाला असता. स्कॉलरशिप गेली तर जाऊ दे, आज ते बंद दार उघडायचंच, असं ती वाटभर घोकत होती.

ती पोचली तेव्हा सव्वासहा झाले होते. मैदान रिकामं होतं. ड्रेसिंग रूमचं दार सताड उघडं होतं आणि आत झाडू चालू होता. एक ठेंगणा माणूस गवतावरचे सरावाचे प्लास्टिकचे कोन गोळा करत होता.

"मी विहानची आई. माझा मुलगा कुठे कोंडलाय तुम्ही?"

उल्हास माने ताठ झाले. त्यांनी आधी तिच्या मागे, पार्किंगकडे पाहिलं.

"एकट्याच आलात? बरं केलंत." त्यांनी हातातले कोन खाली ठेवले. "कोंडतोय कशाला, वहिनी? हरल्यावर मी कुणालाच थांबवत नाही. पोरांची तोंडं बघवत नाहीत. शिट्टी वाजली की सोडतो."

"दर वेळी?"

"दर वेळी. विहान तर सगळ्यांच्या आधी जातो."

तिच्या पर्समध्ये मोबाइल वाजला. सुजीतचा मेसेज होता.

'हरले. कोचने थांबवून घेतलंय. उशीर होईल.'