बोकसेंगची वेणी

"वेणी कापल्याशिवाय इंग्रजांचे कॉन्सलसाहेब ऐकूनच घेत नाहीत," तुरुंगाच्या गजांतून रताळ्याची पेज आत सरकवत तिकहोदादा म्हणाला. "इंग्रजांची प्रजा म्हणवतोस तर इंग्रजासारखा दिस, म्हणतात."

बोकसेंगने पेज ओठाला लावली. त्याच्या गोदामात चोरटं मीठ सापडल्याला महिना होत आला होता. ते तिथे आलं कुठून हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि फटके खाताना तसं सांगून उपयोगही झाला नव्हता. आता नुसता शीण उरला होता. भावकीतलं दुसरं कुणी इकडे फिरकलं नाही. हा एकटा चुलतभाऊ तेवढा रोज नदी ओलांडून यायचा. अडचणीत शेवटी रक्ताचंच माणूस धावून येतं.

बोकसेंग जन्मला पेनांगात, इंग्रजांच्या अमलात. पण बापाचा जीव चीनमधल्या या गावच्या शेतात अडकलेला. माझ्या अस्थी शेताच्या बांधावर पूर आणि ते शेत सोडू नकोस, एवढंच त्याने मरताना मागितलं. बोकसेंगने अस्थी आणल्या, पुरल्या आणि इथलाच होऊन राहिला.

"मला कशाला इंग्रज व्हायचंय, दादा? मला घरी जायचंय."

"घरी जायला आधी सुटायला नको?"

म्हातारा पहारेकरी भिंतीला टेकून बसला होता. त्याने जांभई देत सांगितलं, की मिठाच्या गुन्ह्याला फार तर वर्षभराची कैद. मग घर आहेच. शेत काही पळून जात नाही.

"याचा खोकला ऐकताय ना, काका?" तिकहो म्हणाला. "वर्षभर टिकेल हा?"

पहारेकऱ्याने पुन्हा भिंतीला डोकं टेकलं. बोकसेंगमध्येही वाद घालायचं त्राण नव्हतं. प्रत्येक पुरुषाने वेणी ठेवायची हा चीनच्या बादशहाचा हुकूम; ती कापणं म्हणजे द्रोह. कॉन्सलने पाठ फिरवली तर मुंडकंच जायचं. तरी त्याने गजांना पाठ लावली. तिकहोने कात्री चालवली तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. बोकसेंगला त्याचीच दया आली.

पुढचं सगळं तिकहोनेच केलं. अमॉय बंदरातून कोट-पाटलोण आणली. कोट काखेत काचत होता. पेनांगचे दोन व्यापारी शोधून त्यांना साक्षीला उभं केलं. कॉन्सलच्या माणसाने बोकसेंगला पेनांगकडच्या मलय भाषेत चार प्रश्न विचारले आणि मान डोलावली.

मामलेदारापुढे निकाल झाला. इंग्रजांच्या प्रजेला शिक्षा करायचा आपल्याला अधिकार नाही, असं म्हणून मामलेदाराने त्याला सोडलं. तिकहोने बोकसेंगच्या खांद्यावर हात ठेवला. कितीतरी दिवसांनी बोकसेंगने छातीभर श्वास घेतला आणि तो वळला.

"कुठे निघालास?" मामलेदाराने विचारलं.

"घरी. शेतावर."

मामलेदाराने डोळे चोळले. दिवसभराच्या निवाड्यांनी तोही आंबला होता. परक्याला बंदराबाहेर राहता येत नाही, की शेत ठेवता येत नाही, असं त्याने समजावून सांगितलं. अंधार पडायच्या आत अमॉय गाठायचं.

"पण साहेब, तिथे माझे वडील आहेत."

 मामलेदार शिपायाकडे वळला. "याचं शेत सरकारजमा. मिठाची खबर ज्याने दिली, त्याला ते बक्षीस द्यायचं आहे. बोलाव त्याला."

शिपायाला हाक मारावी लागली नाही. बोकसेंगच्या खांद्यावरचा हात काढून घेऊन तिकहोदादा पुढे झाला.