चेहऱ्याचं कुलूप

राबून राबून देविदासच्या बोटांचे ठसेच पुसले गेले होते. नवा फोन बोट लावून उघडेचना. "जुनाच दे बाई," तो कंटाळून म्हणाला. मग नातीनं, शिवांगीनं, त्याचा चेहरा टिपून ठेवला. "आता तुमचं तोंड दिसल्याबिगर उघडायचा न्हाई, आबा. दुसऱ्या कुणालाच न्हाई."

चाकूरच्या बसस्थानकावर त्याला डुलकी लागली आणि कुलूप लागलेला फोन मांडीवरून घसरून बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या वैजनाथच्या पायाशी गेला. वैजनाथ थोरला भाऊ. शेताच्या वाटणीपासून दोघांची बोलचाल बंद. त्यानं फोन उचलला, काच फुटली का बघायला डोळ्यांसमोर धरला.

"देवा," कित्येक वर्षांनी तो बोलला, "फोन उघडाच ठिवतोस व्हय रे?"